जहाज झालं, विमानांचं बघू

"जहाज झालंय वैनी. इमानांचं मागनं बघू," असं आमच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष माझ्या दारात उभं राहून म्हणाले, तेव्हा माझ्या हातात कापड बेतायची मोठी कात्री होती. ती मी मुकाट्यानं खाली ठेवली, हे त्यांचं नशीब.

मी गावात शिवणकाम करते. आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या टोकाला, कृष्णेच्या काठी. सरकारी काम निघालं की साताऱ्याला जायचं. बाजार, दवाखाना आणि सोयरिकी मात्र सांगलीकडे. घरटी एक तरी माणूस फौजेत. माझे यजमान पायदळातून सुभेदार होऊन परतले. मुलानं नौदल धरलं, तेव्हा ते बरेच दिवस धुमसत होते, की नदीत धड पोहायला न येणारं पोरगं समुद्रावर जाऊन काय दिवे लावणार. पोरगं तिथं विमानांची इंजिनं खोलायला आणि जोडायला शिकलं. विमानवाहू जहाजावरून जी लढाऊ विमानं उडतात आणि परत उतरतात, त्यांची देखभाल करणाऱ्यांत तो आहे. आता यजमानच पारावर बसून गावाला नौदल शिकवतात.

त्यांच्या त्या शिकवण्या ऐकूनच मंडळाला त्या वर्षी विमानवाहू जहाजाचा जिवंत देखावा करायची हुक्की आली. जिवंत म्हणजे जहाजावर खरी माणसं उभी करायची, भोंगा वाजवायचा, लाउडस्पीकरवर निवेदन करायचं. त्या माणसांची जाकिटं शिवायचं काम माझ्याकडे आलं. विमानाला हातवाऱ्यांनी वाट दाखवणाऱ्याचं पिवळं, दुरुस्तीवाल्याचं हिरवं, असं आम्ही टीव्हीवर पाहिलेलं. नमुन्याचं पहिलं हिरवं जाकीट मी मुलाच्या मापानं बेतलं, कारण ते माप मला टेप न लावता येतं. तो खांद्यात रुंद आणि उंचीला गावातल्या कुणाहूनही जास्त. पुढं ते जाकीट कुणालाच नीट बसेना, म्हणून माझ्या मशीनच्या वरच्या खुंटीलाच राहिलं.

आता मुलाच्या लग्नाचं सांगते, कारण माझा सगळा जळफळाट तिथूनच सुरू होतो.

आमच्याकडे लग्नाची तारीख आधी पंचांगात बघत नाहीत, रजेत बघतात. गुरुजीसुद्धा पंचांग उघडण्याआधी विचारतात, "सुट्टी कवापासनं हाय?" मग त्या सुट्टीत जो मुहूर्त सापडेल तो शुभ. माझंही लग्न असंच झालं. अंगाची हळद उतरायच्या आत यजमान गाडीत बसले होते. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. फौजेत सुट्टी मंजूर झाली म्हणजे माणूस घरी पोचलाच, असं आमचं गाव धरून चालतं. पायदळात तसं होतही असेल.

मुलासाठी विट्याची मुलगी बघितली होती. शिकलेली, औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट, बोलायला मोकळी. दोघं फोनवर बोलत होते, दोघांना पसंत होतं. तिच्या वडिलांचं सोनं गाळायचं दुकान, आमच्याकडं गलाईचं म्हणतात ते, दक्षिणेत लांब एका शहरात. विट्याकडच्या पुष्कळ माणसांचं असतं तसं. ते वर्षातून एखाद्या वेळी गावी येणार. म्हणजे इकडं मुलाची सुट्टी आणि तिकडं त्यांचं येणं, दोन्ही जुळायला हवं. सुपारी फोडायचं दोनदा ठरलं आणि दोनदा पुढं गेलं.

पहिल्यांदा नौदलाच्या दोन विमानवाहू जहाजांतलं जुनं जहाज समुद्रात निघालं, विमानं त्याच्यावर गेली आणि विमानांबरोबर मुलगा गेला. ठीक आहे म्हटलं. दुसऱ्यांदा तारीख धरली तर नवं जहाज निघालं, तीच विमानं त्याच्यावर गेली आणि तोच मुलगा परत गेला. जहाजं दोन असताना एकच पोरगं दोन्हीकडं कसं, ते मला कळेना. मुलगा कामाचं काही बोलत नाही; बोलायचं नसतं. फार विचारलं तर म्हणाला, "आई, पेपर वाच की." वाचला. नवं जहाज आपल्याकडे बांधलं, अभिमानाचीच गोष्ट आहे. टीव्हीवर ते पहिल्यांदा बंदरातून बाहेर पडताना दाखवलं तेव्हा मीही डोळ्याला पदर लावला होता. पण दोन्ही जहाजं नीट भरतील एवढी विमानंच नाहीत. नवी परदेशातून यायची आहेत, करार झालाय, पण ती यायला वर्षं लागणार. असलेल्यांतली काही दुरुस्तीत. मग मला तरी असंच दिसलं, की जे जहाज निघेल त्याच्यावर विमानं धाडायची.

जहाजाचा माणूस जहाज बंदराला लागलं की घरी येऊ शकतो. माझा मुलगा जहाजाचा नाही, विमानांचा. एक जहाज विसावलं की दुसरं निघतं, आणि हा आपला विमानांच्या मागं. हे साधं गणित पारावर कुणाला सांगायला जा, लगेच ऐकायला मिळतं, "पर जहाज केवडं मोठं हाय बगा की!" अहो, मोठं आहे म्हणूनच तर विचारतेय.

शेवटी तिच्या वडिलांनी निरोप दिला. गौरी-गणपतीला ते विट्याला येणार होते. एकदा परत गेले की पुढच्या सणापर्यंत दुकान सोडता यायचं नाही. या वेळी सुपारी फुटली तर आनंद, नाहीतर त्यांना दुसरीकडं बघावं लागेल. त्यांचं तरी काय चुकलं? मुलानं अर्ज टाकला, सुट्टी मंजूर झाली, गौरी जेवायच्या दिवशी सकाळी पोचतो म्हणाला. मी सांगलीला जाऊन मुलीसाठी मोरपंखी साडी आणली. यजमानांनी विट्याला फोन लावून सांगितलं, "पक्कं समजा. त्या दिवशी या, सुपारी बी फोडू आन् आमच्या गावचा देखावा बी बगा."

इकडं चौकात जहाज वाढत होतं. उसाचा हंगाम सुरू व्हायचा होता, म्हणून ट्रॉल्या रिकाम्या. दोन ट्रॉल्या एकामागं एक जोडून त्यांच्यावर बांबू, फळ्या आणि थर्माकोल. पुढचं टोक खऱ्यासारखं वर उचललेलं. काम करणारे मिस्त्री मुसलमान. वडिलांपासून गावच्या गणपतीची आरास त्यांच्याच घरात. त्यांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, "इमानं किती करायची? तेवड्या फळ्या बाजूला ठिवतो." अध्यक्ष म्हणाले, "आदी जहाज तर हू द्या, चाचा." मग जहाजाची लांबी वाढवली. मग मनोरा उंच केला. मग मनोऱ्यावर गरागरा फिरणारं रडार हवं झालं आणि रडार फिरवायला मोटार. फळ्या संपल्या, थर्माकोल संपला, वर्गणीही संपली. एसटी चौकात वळेना म्हणून फाट्यावरच थांबायला लागली आणि आम्ही बाया बाजाराच्या पिशव्या घेऊन तिथून चालत यायला लागलो, तेही देशासाठी.

खरं जहाज समुद्रात कधी एकटं जात नाही, हे यजमानच सांगतात. सोबत राखणीची जहाजं लागतात, तेल पुरवणारं जहाज लागतं. मी अध्यक्षांना विचारलं, विसर्जनाला हे धूड ओढणार कोण? एका ट्रॅक्टरनं हलायचं नाही. म्हणाले, बघू. जनरेटर कुणाचा? बघू. गावातले ट्रॅक्टर आणि जनरेटर बाकीच्या मंडळांनी कधीच सांगून ठेवले होते. आणि गणपती बसायच्या आदल्या दिवशी हेच गृहस्थ माझ्या दारात येऊन सांगतात, की विमानांचं मागनं बघू.

ते गेल्यावर माझं यजमानांशी वाजलं.

"आवं, इमानं नसताना एवडं जहाज कशाला बांदलं?"

"आगं, आदी जहाज हुतंय, मग इमानं येत्यात. सगळं एकदम हुतंय व्हय?"

"मग इमानं येस्तवर माज्या पोराचं लगीन थांबवायचं का?"

"त्येचा हितं काय संबंद?"

"संबंद न्हाई? दोन जहाजांत इमानं तीच, आन् त्येंच्या मागं पळणारं पोरगं बी त्येच. तुमी मातुर पारावर जहाजाची लांबी सांगत बसताय."

"फौजंत तक्रार करायची नसती."

"मी फौजंत न्हाई."

यावर त्यांनी चष्मा पुसायला घेतला. उत्तर नसलं की ते चष्मा पुसतात. आमच्या संसारात तो चष्मा फार स्वच्छ राहिलाय.

विमान शेवटी पलीकडच्या आळीतल्या मंडळाकडं सापडलं. त्यांनी मागं हवाई हल्ल्याचा देखावा केला होता, त्यातलं एकच, पण चांगलं बैलगाडीएवढं. या वेळी त्यांनाही ते हवं होतं. दोन्हीकडच्या जाणत्यांनी बसून ठरवलं, की विमान वाटून घ्यायचं. आधी आमच्याकडं, त्यांचा खेळ सुरू झाला की तिकडं, तो संपला की परत इकडं. मग रोज संध्याकाळी चौघं जण विमान खांद्यावर घेऊन बोळातून चाललेत, एक जण पुढं लांब काठीनं विजेच्या तारा वर धरतोय, असा एक तिसराच देखावा गावाला फुकट बघायला मिळायला लागला. विमानाची शेपूट दुसऱ्याच संध्याकाळी मोडली. ती चिकटवायला मिस्त्री आधी इकडं आणि मग विमानामागं तिकडं. एकदा ते धापा टाकत माझ्या ओट्यावर टेकले आणि पाणी मागितलं. तांब्या देताना मला हसू फुटलं आणि हसता हसता रडूच आलं. ते बिचारे घाबरले.

"काय झालं वो भाबी?"

"काय न्हाई. माजं पोरगं बी असंच पळत असंल."

"येतंय नव्हं गौरीला? मग झालं तर," म्हणाले आणि डिंकाचा डबा उचलून पुन्हा विमानामागं गेले.

गौरी घरात आल्या त्या दिवशी मी पुरणाची डाळ निवडत होते, तेव्हा मुलाचा फोन आला.

"आई, न्हाई जमत यायला."

"का रं?"

"इमानं चालली."

कुठं, किती दिवस, हे विचारायचं नसतं. मी एवढंच विचारलं, "तुज्या जागंवर दुसरं कोण न्हाई का?"

"असतं तर आलो असतो की गं."

"तिला सांगितलंस?"

"सांगितलं. काय बोलली न्हाई."

मग मागून कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला. मला इतका राग आला की तो कुणावर काढावा ते कळेना. मुलावर काढण्यासारखं काही नव्हतं. दिल्ली लांब होती. मी यजमानांवर काढला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता विट्याला फोन लावा आणि येऊ नका म्हणून सांगा. तर हे म्हणाले, "येऊ दे की. पोरगं न्हाई तर न्हाई, दोनी घरं तर हाईत. आपण सुपारी फोडू. आन् जहाज बगितलं की पाव्हणं खूश हुत्याल." त्यांना खरोखर वाटत होतं, की त्या थर्माकोलकडं बघून व्याही विरघळतील. माझ्या घरात चार माणसांसमोर एका जागी पोरगा बसायला हवा होता, एवढीच साधी गोष्ट होती, आणि त्याऐवजी हे जहाज दाखवायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी सहा वाजायच्या सुमाराला मुलगी, तिचे आई-वडील आणि एक चुलता असे आले. मुलगा येत नाही हे त्यांना मुलीकडून कळलं होतं, तरी दिलेला शब्द म्हणून आले. गाडी फाट्यावर लावून चालत आले, कारण चौक अडलेला. यजमानांनी त्यांना चहासुद्धा घेऊ न देता आधी जहाजापाशी नेलं. विमान नेमकं पलीकडच्या आळीत गेलेलं. हिरवी जाकिटं घालणारे दोघं-तिघं म्हणजे सुट्टीवर आलेले गावचेच फौजी; ते ड्यूटीवर परतले होते, म्हणून हिरव्या जाकिटांचं कुणीच उभं नव्हतं. दोन पिवळी जाकिटं रिकाम्या जहाजावर हातवारे करत होती. लाउडस्पीकरवर निवेदक घसा ताणून सांगत होता, की आता आपल्या वीरांची विमानं आकाशाला भिडणार. जहाजाच्या मधोमध गावातलं एक कुत्रं अंगाचं वेटोळं करून झोपलं होतं.

"जहाज लय झ्याक झालंय," मुलीचे वडील म्हणाले. "आन् इमानं?"

"येत्यात," यजमान म्हणाले. "पलीकडं गेल्यात. येतीलच इतक्यात."

"आन् आमचं जावई?"

"त्ये बी येत्यात की."

यावर कुणी हसलं नाही. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

घरी आल्यावर पुरुषमाणसं सोप्यात बसली. मुलगी आत आली आणि माझ्या मशीनजवळ उभी राहिली. खुंटीवरच्या हिरव्या जाकिटाच्या बाहीला तिनं हात लावला.

"हे त्यांच्या मापाचं आहे ना, काकी?"

"व्हय."

"काकी, खरं सांगा. त्यांना कधी यायचं असलं तर त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं का?"

यजमान दारात चहाचे कप न्यायला आले होते. "आसतंय की," ते म्हणाले, "फौजंत एका मागं धा..." आणि मी त्यांच्याकडं बघितलं, तसे थांबले. त्यांनी चष्मा काढला.

मी म्हणाले, "न्हाई पोरी. आत्ता तरी न्हाई. इमानं वाढली, माणसं वाढली तर हुईल. पर कवा, ते मला न्हाई सांगता यायचं."

तिनं जाकिटाची बाही सोडली. म्हणाली, "पप्पांच्या दुकानात पण त्यांच्या जागी बसायला कुणी नाही. मी लहानपणापासून आईला बघतेय. माझ्या दहावीचे पेढे वाटणं, आजीचं आजारपण, घराचं बांधकाम, सगळीकडं एकटी. दर वेळी पप्पा फोनवर म्हणायचे, येतोच. खोटं नव्हते बोलत. त्यांना यायचंच असायचं." तिनं पुन्हा जाकिटाकडं बघितलं. "हे पण चांगले आहेत, काकी. माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत. पण मला नाही जमायचं."

तिची आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती. तिनं मुलीला गप्प केलं नाही. बाहेर सोप्यात तिच्या वडिलांना सगळं ऐकू गेलं असणार, कारण त्यांची बशी हातातच राहिली होती आणि ते भिंतीवरच्या मुलाच्या गणवेशातल्या फोटोकडं बघत होते.

तिच्यावर चिडायची मला फार इच्छा होती. नकार देणाऱ्या पोरीवर चिडणं सोपं असतं. पण ती बोलली त्यातलं एक अक्षर मला खोडता येईना, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. माझ्या मुलात काही खोट नव्हती, तिच्यात नव्हती, दोन्ही घरांत नव्हती. सगळं जुळलेलं होतं. कमी होती ती भलत्याच ठिकाणी, आणि ती भरून काढायचं आमच्या कुणाच्या हातात नव्हतं. मी तिची ओटी भरली, नारळ दिला. मोरपंखी साडी कपाटातच राहू दिली.

पाहुणे निघाले तेव्हा बोळात गर्दी झाली. "आलं, आलं, सरा बाजूला!" असा गलका करत चौघं जण विमान घेऊन आले. पुढं हलगी वाजत होती. विट्याची माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली आणि विमान पुढं गेल्यावर फाट्याकडं चालायला लागली. तालुक्याचे परीक्षक तोवर बघून गेले होते. पहिलं बक्षीस आमच्याच जहाजाला मिळालं.

विसर्जनाला ट्रॅक्टर मिळाले नाहीत ते नाहीतच. गणपती एका बैलगाडीतून नदीला गेले आणि जहाज चौकात उभं राहिलं. एसटी फाट्यावर, आम्ही पायी. ते जहाज कोण मोडणार यावरून मंडळात भांडणं चालली असतानाच एका दुपारी, गौरीनंतर पहिल्यांदाच, मुलाचा फोन आला. आवाज एवढा खुशीत होता, की मला पलीकडचं तोंड दिसलं.

"आई, इमानं परत आली! लांब सुट्टी दिलीया. विट्याला कळीव. आता सुपारी न्हाई, एकदम लगीनच उरकून टाकू."

मी मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"मी तिला सकाळधरनं लावतोय," तो म्हणाला, "उचलत न्हाई. दुकानात गर्दी असंल."

यजमान समोर बसून चष्मा पुसत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"ये बाबा," मी म्हणाले. "तू आदी घरी तर ये."